ताईची माघार

माझी बहीण आमदार झाली नाही. आमच्या भागात लोक हे वाक्य वेगवेगळ्या सुरात म्हणतात, कोणी हळहळून, तर कोणी ‘बरंच झालं’ अशा थाटात. मी ते कधी मोठ्याने म्हणत नाही. ती का झाली नाही, त्यात माझा वाटा किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. बारावी झाली आणि तिचं लग्न पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडच्या एका गावात लावून दिलं. सासर शेतकरी, खाऊनपिऊन सुखी. दाजींची गावात चार माणसांत उठबस. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा त्यांनी ताईला उभं केलं. नाव तिचं, कारभार आपला, असा सरळ हिशेब होता. पहिली दोन वर्षं तसंच चाललं. ग्रामपंचायतीत सरपंचाच्या खुर्चीत दाजी बसत आणि ताई घरी कणकेचे हात धुऊन सह्या करी.

ते मोडलं एका एसटीमुळे. गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीपासून मुलींना बाहेर जावं लागे, आणि एसटी गावात न येता फाट्यावरूनच निघून जाई. फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चालत. वाटेत मोटरसायकलवरची टवाळ पोरं त्रास द्यायची, म्हणून एका वर्षात दोघींच्या बापांनी त्यांची नावं शाळेतून काढून घेतली. त्यातली एक ताईच्या शेजारची. ताईने उरलेल्या अकरा मुलींना दप्तरांसह गोळा केलं आणि भोकरदनच्या आगारात जाऊन साहेबांच्या केबिनबाहेर बसली. मी तेव्हा डी.एड.ला होतो, सुट्टीत तिच्याकडे आलो होतो, म्हणून सोबत होतो. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, “सरपंच कुठंयत? त्यांना पाठवा.”

“मीच हाय सरपंच.”

“तसं नाही हो. साहेब कुठंयत, साहेब?”

“साहेब म्हशी धुऊन राह्यलेत,” ताई म्हणाली. “तुम्ही माझ्याशीच बोला.”

मुली हसल्या, मग साहेबही हसले. आठवड्याभरात गाडी गावात यायला लागली. त्यानंतरच्या मासिक सभेला ताई स्वतः गेली आणि खुर्चीत बसली. दाजी शेजारच्या खुर्चीवर. त्यांना ते आवडलं नव्हतं, पण खोटं कशाला बोलू, पुढे पुढे पाहुण्यांत तेच तो म्हशीचा किस्सा रंगवून सांगायचे.

पुढे ती जिल्हा परिषदेवर निवडून गेली. तिचं पहिलं भाषण मी लिहून दिलं होतं. तिने ते दोनदा वाचलं, घडी केली आणि म्हणाली, “तुझं मराठी लई चांगलंय, पण माझ्या तोंडात बसत न्हाई रे.” मग ती स्वतःच्या मनाने बोलली आणि भाषण संपेपर्यंत लोक जागचे हलले नाहीत.

मी तोवर मंठा तालुक्यातल्या एका शाळेवर लागलो होतो. एकदा शिक्षण समितीची सदस्य म्हणून ती आमच्या शाळेत आली. मुख्याध्यापक उठून उभे राहिले, मीही राहिलो. तिने ओळख दाखवली नाही. माझ्या चौथीच्या वर्गात आली आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाला वाचायला लावलं. त्याला जोडाक्षरं येईनात. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. जाताना गाडीत बसल्यावर काच खाली करून मला जवळ बोलावलं. वाटलं, आता शेंगदाण्याची चटणी वगैरे आणली असेल. म्हणाली, “त्या पोराला रोज अर्धा तास जास्तीचा दे. मी पुन्हा येणारे.” आणि खरंच आली.

मुदत संपली. पुढच्या निवडणुका लांबत गेल्या, जिल्हा परिषदेवर प्रशासक बसले. ताईकडे पद राहिलं नाही, पण माणसं येतच राहिली. निराधारांचे अर्ज, जळालेला ट्रान्सफॉर्मर, रेशनकार्डातून गळालेली सून. पक्षाचे लोक म्हणाले, विधानसभेची तयारी करा. तिने दीड वर्ष तयारी केली. मतदारसंघातलं एक लग्न, एक तेरावं, एक सप्ताह सोडला नाही. तिच्या चपला दोनदा शिवल्या गेल्या, तिसऱ्यांदा दाजींनीच नवीन आणून ठेवल्या.

आणि ऐनवेळी जागा मित्रपक्षाला सुटली. ताईला फोन आला तेव्हा ती एका गावी तेराव्याला बसली होती. फोन ठेवला, पाणी मागून प्यायली, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत तिथेच थांबली. हे मला दाजींनी सांगितलं.

दोन दिवसांनी गावच्या पारावर बैठक झाली. मी रजा टाकून आलो होतो. आचारसंहिता लागली होती, सरकारी नोकराने अशा ठिकाणी दिसू नये हे मला चांगलं ठाऊक होतं. मी अगदी मागे, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. लोक म्हणत होते, अपक्ष लढा. बौद्धवाड्यातल्या बाया एका बाजूला बसल्या होत्या. त्यांच्या स्मशानभूमीचा रस्ता ताईने भांडून करून घेतला होता. त्यांच्यातली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “आम्हाला पक्ष न्हाई कळत बाई. तू हाय तर आम्ही हाव.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वर गेले.

ताईने अपक्ष म्हणून अर्ज भरला. चारच दिवसांत बैठकीचा एक फोटो फोनाफोनांवर फिरायला लागला. त्यात मागे माझा चेहरा स्पष्ट होता, दोन्ही हात वर, टाळी वाजवताना. कोणीतरी त्यावर लाल गोल काढला होता.

दिवाळीच्या तोंडावर कारणे दाखवा नोटीस आली. आचारसंहितेचा भंग, दोन दिवसांत खुलासा सादर करावा, अन्यथा निलंबनाची कारवाई प्रस्तावित करण्यात येईल. बायकोने ती दोनदा वाचली.

“नोकरी गेली तर?”

“निलंबन म्हणजे नोकरी जाणं नसतं,” मी म्हणालो.

“मला शब्दांचे अर्थ नका शिकवू,” ती म्हणाली आणि मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेली.

मी खुलासा लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशी जास्तच चांगलं आलं. ‘सदर उमेदवार या माझ्या भगिनी असून त्यांच्या राजकीय कार्याशी माझा कोणताही संबंध नाही. मी केवळ कौटुंबिक भेटीसाठी गेलो असता योगायोगाने त्या ठिकाणी उपस्थित होतो.’ लिहून झाल्यावर मी तो बायकोला वाचून दाखवला नाही.

खुलासा दिला त्याच दिवशी ताईच्या पक्षातल्या एका पुढाऱ्याचा फोन आला. मी त्यांना एकदाच भेटलो होतो. आवाज अगदी मऊ.

“सर, नोटिशीचं टेन्शन घेऊ नका. असल्या गोष्टी बघता येतात. तुम्ही भाऊबीजेला जाणारच असाल ना?”

“जाणारे.”

“मग ताईंना जरा समजावा. त्या आमचं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील. त्यांचं वाईट व्हावं असं आम्हाला कुणालाच वाटत नाही. पुढं एखादं महामंडळ बघू. सगळ्यांचंच बराबर होईल.”

त्यांनी धमकी दिली नाही. दिली असती तर मला रागावता तरी आलं असतं. मी “हो, बघतो” म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी हो म्हणालो.

अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी होता. मी सकाळी मंठ्याहून निघालो, जालन्यात गाडी बदलली, भोकरदनला उतरलो, तिथून पुढे जीपने. पूर्ण वाटेत एक वाक्य जुळवत होतो. ताई, तूच विचार कर. ताई, माझं म्हणणं असं नाही. ताई, पुढच्या वेळी. एकही वाक्य धड होत नव्हतं. पंधरा वर्षं मुलांना वाक्यरचना शिकवणारा माणूस मी.

घर कार्यकर्त्यांनी भरलेलं. ओसरीवर पत्रकांचे गठ्ठे. ताईने सगळ्यांसमोर मला पाटावर बसवलं, ओवाळलं. नंतर “चहा ठेवते” म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि मला हाक मारली. मी आत गेल्यावर तिने दार लोटलं.

“नोटीस आल्ती म्हणं.”

“तुला कोणी सांगितलं?”

“ज्यांनी आणली त्यांनीच. कालच फोन केल्ता.” तिने आधणात साखर टाकली. “खुलासा दिलास?”

“दिला.”

“काय लिहिलंस?”

मी फळीवरून दोन कप काढून ठेवले. तिने पुन्हा विचारलं नाही. चहा उकळायला लागला, तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे वळली.

“तू सांग. काढून घेऊ का अर्ज?”

इतका वेळ जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं असतं तर तेही निघालं असतं, असं मला आजही वाटतं. पण डोळ्यांसमोर बायको आली, आतल्या खोलीचं बंद दार आलं. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. चहा उतू गेला. ताईने फडक्याने शेगडी पुसली, दोन कप भरले आणि म्हणाली, “बरं. घे चहा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तहसील कार्यालयात गेलो. ताई, दाजी आणि मी. आवाराच्या बाहेर तिची माणसं जमली होती, ती कशाला आली आहे हे त्यांना अजून माहीत नव्हतं. फाटकापाशी ती मला म्हणाली, “तू आत येऊ नको. आणखी एक फोटो निघंल.” मी रसवंतीच्या बाकड्यावर बसलो. तीन वाजायच्या आत ती बाहेर आली. बातमी तिच्या आधीच बाहेर आली होती. कोणी ओरडत होतं, कोणी मोटरसायकलला किक मारून निघून गेलं. एसटीच्या वेळच्या त्या अकरा जणींपैकी एक आता भोकरदनच्या दवाखान्यात नर्स आहे. ती ड्यूटीच्या कपड्यातच धावत आली होती. तिने ताईचा हात धरला.

“ताई, का हो?”

“पक्षाचा आदेश हाय गं,” ताई म्हणाली. मग पदराने तोंड पुसलं आणि गाडीत बसली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. कदाचित गर्दीत मी दिसलो नसेन.

मतदानाच्या दिवशी मी परतूरकडच्या एका गावात केंद्राध्यक्ष होतो. सकाळी यंत्र सील केलं, संध्याकाळी बंद केलं, सगळ्या नमुन्यांवर सह्या केल्या. माझ्या केंद्रावर एकही तक्रार आली नाही. महिन्याभराने ‘समज देऊन प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे’ असं पत्र आलं, म्हणजे फाइल बंद. महामंडळाचं कोणी पुन्हा बोललं नाही. बौद्धवाड्यातल्या बाया बरेच दिवस ताईच्या घरासमोरून जाताना मान वळवायच्या. ती म्हातारी तर तिच्याशी कधीच बोलली नाही, पुढे वारली. ताई तिच्या मातीला गेली होती. स्मशानभूमीच्या त्याच रस्त्याने.

एकदाच मी विषय काढला. कापूस वेचणीचे दिवस होते, ती बांधावर बसून डबा खात होती.

“ताई, तू माझ्यामुळे—”

“तुझ्यामुळं न्हाई,” ती लगेच म्हणाली. “तुझ्या दाजींनी आठ दिवस तेच लावून धरलं होतं. दीर पाया पडले. पोरगी म्हणाली, आई, बस झालं. सगळ्यांनी थोडं थोडं ढकललं. तू फक्त शेवटी आला.”

हे खरं होतं की माझ्यासाठी रचलेलं होतं, मला कळलं नाही. तिच्या बोलण्यावरून मला कधीच कळत नाही. ती लोकांशी इतकी वर्षं बोलत आली आहे की समोरच्याला काय झेपेल ते तिला आधीच माहीत असतं. मी पुढे विचारलं नाही. विचारायचा हक्क राहिलाय असं वाटलं नाही.

मधे जिल्हा परिषदेच्या आरक्षणाची सोडत निघाली. तिचा गट अशा प्रवर्गाला सुटला की तिला तिथून उभंच राहता येणार नाही. मी संध्याकाळी फोन केला. म्हणालो, “कळलं का?”

“कळलं,” ती म्हणाली. मागून बायकांचा आवाज येत होता. “मंग करते तुला. इथं एकीचा अर्ज लिहून राह्यले, तिला लांब जायचंय.”

आणि फोन ठेवला.