प्रवीणचा फझ आणि माझे कान

आता हसायचं तर हसा, पण माझ्यासारखा गाढव अख्ख्या डहाणू तालुक्यात दुसरा सापडायचा नाही!

मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. मसोलीचा प्रवीण माझा मित्र. दोघांना एकच खूळ. भंगारातल्या रेडिओतून जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर काढायचे आणि त्यांचे फझ बनवायचे. फझ म्हणजे गिटारचा स्वच्छ सूर मुद्दाम फाडणारा डबा. आमची ही म्हणायची, चांगलं वाजतंय ते बिघडवायला एवढी मेहनत? आणि कुठला फझ कोणी जोडलाय हे डोळे मिटून ओळखण्यात मी उस्ताद. असं मीच सांगायचो.

२०१७च्या मे महिन्यात प्रवीण डायलिसिसवर होता. तरी पडल्या पडल्या त्यानं एक फझ जोडला आणि मला बोलावलं. "तुझा पण आण. कुठला चांगला ते खरं सांग. हा माझा शेवटचा."

मी मनात ठरवून टाकलं, त्याचाच चांगला म्हणायचं.

दोन्ही फझ चारोटीहून आणलेल्या सारख्याच स्टीलच्या डब्यांत. त्याची बायको, सुषमा वहिनी, वायर बदलणार, मी डब्यांकडे पाठ फिरवून वाजवणार. भर दुपार, वर तापलेला पत्रा. पहिला डबा गोड, भरदार वाजला. दुसरा घशात काटा अडकल्यासारखा. मला वाटलं, थरथरत्या हातांनी जोडलेला, हा बिचाऱ्याचाच. मग काय, दुसऱ्याची आरतीच ओवाळली! पहिला म्हटलं भंगारात टाक.

प्रवीणनं दोन्ही डबे जवळ ओढले. मग म्हणाला, "बरं झालं, खरं बोललास." पुन्हा ऐकतो म्हणून त्यानं दोन्ही डबे ठेवून घेतले. मी पुण्य कमावल्याच्या थाटात घरी आलो.

पंधरा दिवसांत तो गेला.

तेराव्यानंतर वहिनींनी एक डबा हातात दिला. तुम्हाला आवडलेला तुम्हालाच द्यायचा, असं सांगून गेलेत म्हणाल्या. घरी येऊन उघडला तर आत माझीच जोडणी, माझंच अक्षर! जर्मेनियम तापलं की आवाज बिघडतो, हे मीच जगाला शिकवायचो. माझा फझ मी थंडीत जुळवला होता. त्यानं त्याचा त्याच तापल्या पत्र्याखाली. म्हणजे मी भंगारात टाक म्हटलेला पहिला त्याचाच!

तसाच उलटा मसोलीला गेलो. दुसरा डबा कुठाय, विचारलं.

"तो त्यांनी तुम्ही वाजवून गेलात त्याच संध्याकाळी उकलला, भाऊजी. सगळे भाग सुटे करून पुडी बांधली. म्हणाले, त्याच्या तरी कामाला येतील."

पुडी माझ्याकडे आहे. त्यानं ते कसं जोडलं होतं, कागदावर कुठंच नाही. त्याचा तो आवाज उरलाय फक्त माझ्या कानांत. आणि या कानांवर आता तुम्ही तरी विश्वास ठेवाल का?