दुखत नसलेला पाय

मावशी उपकेंद्रात आल्या की आधी उजवा पाय बाकावर ठेवायच्या, त्यावर बोटाने टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "बघा नर्सबाई, दुखतंय का? न्हाई ना? मंग कसलं दुखणं?"

यायच्या मात्र खोकल्यासाठी, नाहीतर नुसत्या गप्पांसाठी. पायासाठी म्हणून कधीच नाही. माले नावाच्या गावात नर्स म्हणून गेले तेव्हापासून मी तो पाय पाहत होते. तळव्याला बटाट्याएवढी टणक सूज होती आणि वर दोन-चार पुटकुळ्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ताप आला की धावत येतात, पण जे दुखत नाही त्याला रोग म्हणायला तयार नसतात.

आमच्या मावळात भाताचं रोप टाकण्याआधी डहाळ्या, पाला, शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. मावशी राबासाठी करवंदीच्या जाळ्या तोडायच्या, डोक्यावरून आणायच्या आणि अनवाणी तुडवून पसरायच्या. काटा मोडला तर दुसऱ्या काट्याने उकरायचा, नाही निघाला तर वर रुईचा चीक. "निघंल आपसूक. काटा काय पायात घर बांधून ऱ्हातोय?" असं म्हणून त्या पुन्हा चिखलात.

घर तर बांधलंच होतं, पण काट्याबरोबर आत गेलेल्या मातीतल्या बुरशीने. ही बुरशी वर्षानुवर्षं पाय आतून पोखरते आणि बहुतेकांना दुखू देत नाही. एवढी कावेबाज दुसरी कुणी मी पाहिलेली नाही.

मी डोकं खाल्लं तेव्हा त्यांच्या लेकाने गमबूट आणले. तो हिंजवडीत कंपनीची गाडी चालवायचा. मावशी ते बूट घालून रस्त्याने ऐटीत निघाल्या आणि बांधावर पोचताच काढून ठेवले.

"अवो, घाला की!" मी ओरडले.

"भात म्हंजी लक्षुमी हाय. तिच्या अंगावर बूट घालून नाचू व्हय?"

महिन्याभराने एका बुटात कोंबडी अंड्यावर बसलेली दिसली.

मग एक दिवस पुटकुळीतून काळे दाणे यायला लागले. मावशी हसत म्हणाल्या, "पायात तीळ पिकलं, नर्सबाई. संक्रांतीला लाडू करू." मला हसू आलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी आणि लेकाने त्यांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

हाडापर्यंत गेलेलं नाही, डॉक्टर म्हणाले. औषध खूप दिवस घ्यावं लागेल, आणि चिखलात अनवाणी पुन्हा कधीच नाही. नाहीतर पाय कापावा लागेल.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "शेतात जायाचं न्हाई, तर पाय ठिवायचा कशापायी?"

लेक बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला. त्याच्या त्या रडण्यामुळेच मावशी त्याच्याकडे हिंजवडीला राहायला गेल्या. गावात राहून शेताबाहेर उभं राहणं आपल्याला जमणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पायाच्या पुटकुळ्या सुकल्या. सूजही उतरली. एक पाय वाचवल्याचा आनंद मला व्हायला हवा होता, आणि तो झालाही, पण मावशींची आठवण त्याहून जास्त येते.

यंदा त्यांच्या शेताची लावणी बायकांनी इर्जिक करून, म्हणजे बिनमजुरीची एकमेकींची मदत म्हणून केली. मी बघायला गेले तर सगळ्या रोपं घेऊन बांधावर खोळंबलेल्या. पहिली मूठ नेहमी मावशी लावायच्या. आता कुणीच पुढे होईना.

"तू लाव."

"मी न्हाई बाई, तूच लाव."

शेवटी मी मावशींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि डाफरल्या, "उभ्या काय ऱ्हायल्याव? रोप सुकंल! वाका की!"

बायका हसल्या, शेतात उतरल्या आणि वाकल्या. पाणी चुबुकचुबुक वाजायला लागलं.

"मावशी, झालं सुरू. ठेवू का फोन?"

त्या हळूच म्हणाल्या, "बंद नको करू, बाई. तितंच ठिव जरा, पाण्याजवळ."

मी फोन बांधावर ठेवला आणि बाजूला जाऊन उभी राहिले. बायका एकेक पाऊल मागे सरत निम्म्या शेतात गेल्या, तरी मावशींनी फोन ठेवला नव्हता.