काटा चार्जकडे होता

सत्तरचं दशक सरत आलं होतं. नागपूरजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी हवालदार मेकॅनिक होतो. निवृत्त सैनिकांच्या तपासणीसाठी आठ दिवसांचा मेडिकल कॅम्प भंडारा जिल्ह्यात लागणार होता आणि माझं गाव सानगडी, म्हणून माझं नाव त्यात घातलं गेलं. डॉक्टर कॅप्टन साहेब मद्रासकडचे, एक नर्सिंग असिस्टंट, मी आणि ड्रायव्हर लान्स नायक हरिदास बांते. बांते सिहोऱ्याचा. म्हणजे आम्ही दोघंही झाडीपट्टीतलेच, बोलीही एकच.

गाडी होती जुनी पेट्रोल अॅम्ब्युलन्स व्हॅन. तिची तक्रार एकच, बॅटरी टिकत नाही. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. बॅटरीचं पाणी पाहिलं, टर्मिनल घासले, फॅन बेल्ट दाबून पाहिला. सगळं ठीक. डॅशबोर्डवरचा अॅमीटर मात्र मेलेला होता, काटा हलतच नव्हता. मी नवा मीटर बसवला, इंजिन सुरू केलं, दिवे लावले. काटा प्लसकडे झुकला. प्लस म्हणजे चार्ज, मायनस म्हणजे डिस्चार्ज, हे रिक्रूटसुद्धा जाणतो. मी लॉगबुकात 'चार्जिंग ओके' लिहून सही केली. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचं झाकण उघडून आतले कार्बन ब्रश पाहायला दहा मिनिटं लागली असती. पंधरा वर्षांचा अनुभव होता ना, तोच नडला.

पहिले दोन दिवस सानगडीत गेले. रोज सहाला उठणं, साडेसहाला गाडीची तपासणी, आठपासून पेशंट. व्हॅनच्या आतला दिवा दिवसभर जळायचा, कारण डॉक्टर तिथेच माणसं तपासायचे. गावचे लोक मला पाहायला यायचे आणि मी युनिफॉर्मची इस्त्री सांभाळत त्यांच्याशी हिंदीत बोलायचो. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला आपली बोली साहेबांसमोर तोंडातून निघाली तर मान खाली जाईल असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही लाखांदूरला मुक्कामाला पोहोचलो. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बांते माझ्याकडे आला. कॅप्टन साहेब शेजारीच दाढी करत होते.

"हवालदार साहेब, काटा उलटा पळून राहिला जी. इंजन बंद हाय, अन् लाइट लावला तं काटा चार्जकडं जाते. इंजन बंद असून चार्ज कोठून येईल? मले वाटते मीटरचे तार उलटे लागले."

त्यानं अख्खं निदान माझ्या हातात ठेवलं होतं. साहेबांनी आरशातून विचारलं, "क्या बोल रहा है?"

"कुछ नहीं सर. गाँव की बात है."

मग मी बांतेकडे वळलो. "रिपोर्ट देना है तो हिंदी में दो. खेत में नहीं खड़े हो."

त्यानं "जी साब" म्हटलं आणि गाडी पुसायला गेला. त्याचं म्हणणं खरं असेल असं मला तेव्हाच आत कुठेतरी वाटलं होतं. पण खरं मानलं असतं तर माझी सही खोटी ठरली असती.

दुपारी एक वाजता तपासणीला आलेल्या एका म्हाताऱ्या पेन्शनर नायकाच्या छातीत कळ आली. घामानं भिजलेले, हात थंड. डॉक्टर म्हणाले, "भंडारा. अभी." एक दहाला निघालो. पेशंट स्ट्रेचरवर, डॉक्टर त्यांच्या डोक्याशी, मी पुढे बांतेच्या शेजारी.

एक पन्नासला इंजिन अडखळू लागलं. दोन वाजायच्या आत बंद पडलं. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, रोवणीच्या बाया कंबर सरळ करून आमच्याकडे पाहत होत्या. सेल्फ मारला, नुसती टक्क.

"धक्का," मी म्हणालो.

चार वेळा धक्का मारला. बायाही चिखलाच्या पायांनी धावत आल्या. बॅटरीत ठिणगीपुरताही जीव उरला नव्हता. डॉक्टर एकदाही ओरडले नाहीत. ते नाडी धरून बसले होते आणि घड्याळाकडे पाहत होते. दोन पस्तीसला एसटी आली. बांते रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला. सीटवर स्ट्रेचर आडवं टाकून पेशंट आणि डॉक्टर गेले.

मग मी बॉनेट उघडलं, नंतर डॅशबोर्डखाली वाकलो. मीटरच्या मागे दोन तारा, आणि त्या दोन्ही उलट. म्हणजे मी ज्याला चार्ज समजलो, तो डिस्चार्ज होता. डायनॅमोचे ब्रश झिजून संपले होते, तो काहीच देत नव्हता. तीन दिवस गाडी नुसती बॅटरी खात होती.

मी तारा बदलून सरळ केल्या. कोणी पाहायच्या आत. बांते पाहत होता.

"आता बराबर झालं जी," तो म्हणाला.

म्हातारे पेन्शनर वाचले. मी देवाला हात जोडले आणि लगेच मनाशी म्हटलं, माणूस वाचला, आता बोलून काय उपयोग. संध्याकाळी साहेबांनी बॅटरी कशी उतरली ते विचारलं. मी म्हणालो, "लाइट जलती रह गई होगी, सर." त्या 'होगी'च्या आड मी लपलो. दिवे विझवणं ड्रायव्हरचं काम. पुढचं सगळं आपोआप झालं.

परतल्यावर बांतेला ऑर्डर्ली रूममध्ये, कमांडिंग ऑफिसरसमोर चौकशीला उभं केलं. मी साक्षीदार म्हणून शेजारी.

"कोई खराबी देखी थी?"

"जी साब."

"रिपोर्ट किया था?"

बांतेनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीकडे पाहत होतो.

"नहीं, साब."

त्याची लान्स नायकची पट्टी गेली. बाहेर आल्यावर मी त्याला आडोशाला नेलं आणि कित्येक वर्षांनी आपल्या बोलीत बोललो. "काहून नाही सांगितलंस रे?"

"तुमची पेन्शन जवळ आली जी. मी लहान हाव, माही पट्टी मंग येईल."

ती आली नाही. दीड वर्षानं उत्तरेकडच्या एका पहाडी रस्त्याची कड खचली आणि कॉन्व्हॉयमधली त्याची गाडी त्याला घेऊन दरीत गेली. तोवर मी पेन्शन घेऊन सानगडीला आलो होतो. बातमी कळल्यावर एसटीनं सिहोऱ्याला गेलो. त्याचे वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "पट्टी काहून गेली त्याची? गाव म्हणते, दारू पेऊन गाडी बंद पाडली."

"दारू नाही, काका. चूक माझी होती. त्यानं मले सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. नाव त्याचं गेलं."

धोतराच्या काठाशी चाळा करत ते म्हणाले, "हे गावासमोर सांगा जी. माह्यासमोर सांगून काय होते?"

सांगेन, असं मी कबूल केलं. पुढच्या झेंडावंदनाला सिहोऱ्याच्या शाळेत मला बोलायला उभं केलं. समोर सारं गाव, पहिल्या रांगेत त्याचे वडील. मी त्याच्या शौर्यावर दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. जे सांगायचं होतं ते सांगितलंच नाही. वडील उठून निघून गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेही गेले.

शाळेच्या भिंतीवर पाटी आहे, तिच्यावर 'शिपाई' लिहिलं आहे. कागदाप्रमाणे ते बरोबरच आहे. म्हणून गावासमोर जे बोललो नाही ते इथे लिहितो. लान्स नायक हरिदास बांते, ड्रायव्हर, राहणार सिहोरा. त्यानं रिपोर्ट दिला होता. सकाळी साडेसहाला, मला.