तळहातावरचं लिंबू

त्या सकाळी कोण कोण होतं ते आधी सांगते. मी, माझी थोरली पोरगी, शेजारीण, तिची पोरगी आणि आबा. आबा म्हंजे आमच्या वस्तीतले म्हातारे, मिलिटरीतनं रिटायर झालेले. घाटकोपरच्या टेकडीवर, विहारासमोरच्या मोकळ्या जागेत दर रविवारी ते लाठी शिकवायचे. सत्तर सालाच्या पुढची गोष्ट.

माझे मालक वारले तेव्हापासनं मी खदानीवर खडी फोडायची. पोरगी सातवी पास झाली. आठवीची शाळा खाली, नाल्याच्या पलीकडं. नाल्यापाशी दारूचा गुत्ता होता. शाळेत नाव घालून येताना तिथल्या एकानं तिची वेणी ओढली. मी म्हणलं, बास झाली शाळा, चल माझ्यासंगं खदानीवर.

ती रडली नाय. म्हणली, "आये, मी लाठी शिकते. मग जाऊ देशील?"

आबांची अट अशी, की पोरीसंगं आईनं पण शिकायचं. म्हणायचे, "आई घरात भीत बसली तर पोरीला शिकवून काय उपेग?"

मग मी पण पदर खोचून उभी राहिले. लाठी जड वाटायची नाय, हाताला घट्टेच होते. पण लाठी फिरवायची असते, आणि मला एकच ठावं, वरनं खाली घाव घालायचा. त्यात खडी फोडणारी बाई घाव पडताना डोळं मिटते, कपची उडते म्हणून. तीच खोड. समोरनं लाठी आली की माझं डोळं बंद. किती रविवार खांद्यावर, कोपरावर खाल्लं.

शेजारीण म्हणायची, "अगं, आबांचं डोस्कं म्हंजे दगड वाटला व्हय तुला?"

"तू आधी तुझं लुगडं सांभाळ," मी म्हणायची.

घरी पोरगी मला चुलीम्होरं बसवायची आणि तोंडासमोर लाटणं फिरवायची. "मिटलंस. परत." पोटची पोर असं बोलायची आणि मी ऐकून घ्यायची.

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी आबांनी परीक्षा घेतली. मला मांडी घालून बसवलं, उजव्या हाताच्या तळव्यावर लिंबू ठेवलं. पोरीनं लाठी फिरवत यायचं आणि लिंबू उडवायचं. हाताला लागलं तर नापास. मी डोळं मिटलं तरी नापास तीच. नापास झाली तर उद्यापासनं खदान, हे मी तिला सांगून ठेवलं होतं.

त्याच हातावर आमचं पोट. आबा म्हणले, "बाई, नको वाटत असंल तर ऊठ." मी उठले नाय.

ती निघाली. लाठी दिसेना, नुसता भणभण आवाज. आणि मधी तिचं तोंड, तांदूळ निवडायला बसल्यासारखं निवांत. जिची वेणी मी रोज घालायची ती ही पोर, आणि मला वाटलं, ही कोण? एवढं हिच्यात कुठनं आलं? डोळं मिटायचं सुचलंच नाय. तळव्याला नुसता वारा लागला. लिंबू विहाराच्या भिंतीला जाऊन फुटलं.

शेजारीण जाऊन फुटलेलं लिंबू उचलून घेऊन आली.

आबा म्हणले, "दोघी पास."

सोमवारी ती एकटी नाला ओलांडून शाळेला गेली. गुत्ता होताच, माणसं पण होती. मी तिला अडवलं नाय. पुढं मॅट्रिक झाली.

वाचणाऱ्याला एकच मागणं. तुमची पोरगी काय शिकत असंल, तर एकदा तिच्यासमोर जाऊन बसा आणि बघा.