आधी आयकाक व्हया

डॉक्टरांची दोन बोटं वर गेली की सायरन बंद करायचा. ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर म्हणून लागलो तेव्हा सगळ्यात आधी शिकलो ते हेच. घरात शिरलं की तीच बोटं माणसांसाठी वर जायची. "उगी रवा. आधी आयकाक व्हया."

आमच्याकडे माणूस आजारी पडला की अख्खी वाडी सल्ला द्यायला उभी असते, हे तुम्हाला मी काय सांगणार! डॉक्टर कोणावर खेकसत नसत. छाती ऐकून होईपर्यंत नुसती बोटं वर. एकदा तर त्यांनी अंगणातल्या कोंबड्यांनाही ती दाखवली. कोंबड्या बधल्या नाहीत, मग मला हाकलाव्या लागल्या.

धामापूरला एकजण माडावरून पडला, तेव्हाची गोष्ट. आम्ही पोचलो तर तो ओठ निळे पडून श्वासासाठी तडफडत होता, आणि त्याच्या वडिलांनी हातात नारळ घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं होतं. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरार जी काय येळ इली हा, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि बोटं वर केली. गाऱ्हाणं मध्येच तोडतात का कुठे? म्हातारा भडकला.

"आजोबानू," डॉक्टर म्हणाले, "देव दोन मिन्टा थांबतलो. तुमचो झील थांबाचो नाय."

अंगण गप्प झालं. डॉक्टर उजवी बाजू पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "तू आयक रे. उजवीकडे माका काय्येक आयकाक येणा नाय. तेची छाती गप आसा काय माझो कान, ताच समाजणा नाय."

फुटलेल्या फुप्फुसातली हवा छातीत कोंडली की ती फुप्फुस आणि काळीज दोन्ही दाबते. तिथल्या तिथे सुई घालून ती सोडली नाही, तर माणूस कणकवलीच्या हॉस्पिटलपर्यंत पोचत नाही. आणि फुप्फुस धड असताना सुई घातली तर ते आपणच फोडतो. हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मी ऐकलं. डावीकडे श्वास होता. उजवीकडे काहीच नव्हतं.

"छातीच गप आसा, डॉक्टरानू. तुमचो कान बरो आसा."

त्यांनी बरगड्यांमधून जाड सुई घातली. फुस्स करून हवा सुटली आणि हळूहळू ओठांचा रंग परतला. डॉक्टर वडिलांकडे वळले. "आता घाला गाऱ्हाणा. जोरात!"

कान मात्र बरा नव्हता; त्यांना ऐकू कमी येत चाललं होतं. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "आज तू होतस." महिन्याभरात नोकरी सोडून ते वेंगुर्ल्याला गेले. कोणी जा म्हटलं नव्हतं. मला त्यांचा फार राग आला. आता नवीन डॉक्टर आहेत, चांगले आहेत. पण घर जवळ आलं की माझा हात आपोआप सायरनकडे जातो.

यंदा भगवतीच्या जत्रेला मी जुन्या डॉक्टरांना वेंगुर्ल्याहून धामापूरला घेऊन गेलो. माडावरून पडलेला तो ठणठणीत होऊन समोर उभा होता. कानाचं मीच त्याच्या वडिलांपाशी बोलून गेलो होतो. म्हाताऱ्याने नारळ हातात घेतला. "बा देवी म्हाराजा! ज्या डॉक्टरान माझो झील वाचवल्यान, तेच्या कानाक बरा आयकाक येवंदे गो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ घुमलं.

डॉक्टरांनी आजूबाजूचे ओठ हलताना पाहिले, घाईघाईने हात जोडले, आणि सगळे गप्प झाल्यावर एकटेच म्हणाले, "व्हय म्हाराजा."