हातात द्यायचा डबा

ती मावशी नसती तर त्या दिवशी मी चढणीवरच आडवा झालो असतो, हे आधी सांगतो. मग माझ्या हातून काय झालं ते.

संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आम्ही शेतांवर सोलर पंप बसवत होतो. माझं गाव रत्नागिरीकडे. आठवीतून शाळा सुटली तेव्हापासून ठेकेदार नेईल तिकडे जायचं. सुट्टीला खोलीत बसलं की घर आठवतं, म्हणून डोंगरातल्या वाडीवरचा बुद्धविहार बघायला एकटाच निघालो. आमच्याकडचं ऊन घामाचं. इथलं कोरडं, कळतच नाही. पाणी संपलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. पळसाखाली बसलो.

मागून एक म्हातारी आली, डोक्यावर डबा.

"कोन व्हय रे बाबू? इथं काऊन बसला?"

गाव सांगितलं तशी हसली. "कोकणातला! तरीच. टोपी ना दुपट्टा."

स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं, आपलं फडकं भिजवून माझ्या डोक्याला बांधलं आणि बसत-उठत मला वर नेलं.

विहार म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली. दारात पिंपळ, शेजारी पंचशील ध्वज. आत भंतेजी डोळे मिटून बसलेले. मावशी माथा टेकून बाहेर येते तोच खालून कुणीतरी ओरडलं, "ओ मावशे, तुही शेळी व्याऊन राह्यली!"

तिनं डबा माझ्याकडे दिला. "भंतेजीच्या हातात देजो बरं. खाली ठेवून नको देजो, ठेवलेलं ते घेत नाईत." आणि ती धावली.

मी डबा मांडीवर धरून दाराशी बसलो. आमच्या घरी वडील पूजेला बसले की कुणी खोकतसुद्धा नाही. ध्यानातल्या माणसाला हाक कशी मारायची? परक्या ठिकाणी आपल्या हातून काही चुकू नये, एवढीच धास्ती. पिंपळाची सावली आक्रसत बुंध्याशी आली, मग दुसऱ्या अंगाला सरकली.

भंतेजींनी डोळे उघडले. मी लगबगीनं डबा पुढे केला. त्यांनी सावलीकडे पाहिलं.

"वेळ टळली. मध्यान्हानंतर आम्ही जेवत नाही."

"मला ठाऊक नव्हतं हो. हाक मारायची हिंमत झाली नाही."

"मला वाटलं, आज डबा आलाच नाही. म्हणून बसून राहिलो." ते हसले. "आता उद्या सकाळी. तुम्ही जेवा, उन्हातून आलात."

मी नको नको म्हणालो, पण पोटात आग पडली होती. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. भंतेजी समोर पाणी पीत बसलेले आणि मी जेवलो. सगळं जेवलो. भाजी फार चवदार होती, हे आठवलं की आजही कसंतरी होतं.

मावशी धापा टाकत आली. "दोन पिल्लं झाले! जेवले का भंतेजी?"

"पाहुणे जेवले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "अन् तू काय करून राह्यला होता बे, डब्याची राखण?"

मी रिकामा डबा पुढे केला. ती खाली टेकली. "मले वाटलं, एवढं तं लेकराईले बी माहीत असते. माहीच चूक. तुले सांगाले पाह्यजे होतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उतरताना विचारलं, "मावशी, तुम्ही जेवलात?"

"भंतेजी जेवल्याबिगर मी नाई जेवत. आज उपास. पोटाले बी सुट्टी." मी फडकं सोडून परत देऊ लागलो, तर तिनं ते पुन्हा माझ्या डोक्याला आवळलं. "राहू दे. उन्हात मरशीन."

आमचं काम आता वडनेर भोलजीकडे सरकलंय. फडकं रोज डोक्याला असतं. तिनं ते बांधलं तेव्हा तिच्या बाटलीत घोटभरही पाणी उरलं नव्हतं, हेही माझ्या नंतरच लक्षात आलं.

मावशी, मी येणार आहे. डबा चढणीवरून मी नेईन, सावली बुंध्याशी यायच्या आत भंतेजींना हाक मारीन, त्यांच्या हातात देईन. ते जेवले की तुमचं ताट मी वाढीन. तुम्ही जेवून उठेपर्यंत मी घास घेणार नाही.