पट तेवीस, हजर वीस

शनिवार, १४ मार्च १९९८. सकाळची शाळा.
हजर : काळे गुरुजी. तालुक्याहून आलेले विस्तार अधिकारी साहेब. वाडीतले दोन पालक. मी. मुलं वीस.
पट तेवीस. गैरहजर तीन. कारण : हिरडा गोळा करायला गेली.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीत आहे. अक्षर माझंच आहे, सरळ, एका रेषेत, खाडाखोड नाही. या नोंदीबद्दल मी आजवर कुणाला बोलले नाही. घरात नाही, ज्या बायकांबरोबर दहा-बारा वर्षं शाळांमधून काम केलं त्यांच्यात नाही. कुणी विचारलंही नाही म्हणा. इतक्या स्वच्छ अक्षरातल्या नोंदीवर कोण शंका घेणार?

मी राजुरीची. घरी गाई, थोडी बागाईत, दोन मुलं. सगळं घर वहीवर चालतं. गाईंच्या लसीची तारीख, गॅसचा नंबर लावल्याचा दिवस, कुणाच्या लग्नाला काय आहेर केला — सगळं लिहिलेलं असतं. झालं की बरोबरची खूण. राहिलेलं काम वही संपली की पुढच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवायचं. माझे यजमान म्हणतात, "हिला यमराज न्यायला आला ना, तर म्हणंल, थांबा राव, आधी यादी बघते."

थट्टा बाजूला ठेवते. हे सांगितलं एवढ्यासाठी, की मी विसरले होते असं तुम्हाला वाटू नये. मी काहीच विसरत नाही. लिहून ठेवते.

तर पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला आम्ही गावातल्या सहा बायकांनी ठरवलं, की आठवड्यातून एक दिवस पश्चिमेकडच्या डोंगरातल्या सरकारी शाळांत जायचं आणि ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांना घेऊन बसायचं. शिक्षक एकटा, वर्ग चार. त्याला हात होईल, एवढाच हेतू. माझ्या वाट्याला मढच्या पलीकडची एक वाडी आली. नाव लिहीत नाही. दर शनिवारी आळेफाट्याहून कल्याणकडे जाणारी पहाटेची एसटी, मढला उतरायचं, पुढे पाऊण तास चाल. पिशवीत शब्दांच्या पट्ट्या. त्या मी जुन्या लग्नपत्रिका कापून केल्या होत्या. एक बाजू कोरी, जाड कागद, फुकट. काही पत्रिका अख्ख्या ठेवल्या होत्या, मोठं वाक्य लिहायला. पट्ट्या आणि पत्रिका मिळून चाळीस. जाताना मोजायच्या, येताना मोजायच्या.

त्या शाळेत चौथीत हौसा होती.

हौसा बाराची असेल. भाऊ सांभाळायला घरी राहिल्यामुळे दोन वर्षं उशिरा आलेली. मी गेले तेव्हा तिला स्वतःचं नाव सोडून काही येत नव्हतं. पहिल्या महिन्यात मी तिला तिचा रोजचा रस्ता शिकवला. म म्हणजे मढमधला. दोन अक्षरं — काना नाही, मात्रा नाही. एसटीच्या पाटीवर ते तिनं ओळखलं, त्या दिवशी वाडीभर सांगत सुटली होती.

पुढे काना-मात्रा आल्या. वाक्यं आली. जोडाक्षर आलं की मात्र ती थांबायची. बोट शब्दाखाली, ओठ हलतायत, आवाज नाही. पोरं टपलेलीच असायची.

"बाई, हौसाची यष्टी घाटात आडकली!"

"ढकलू का गं?"

हौसा मान वर न करता म्हणायची, "आडकली तरी पोचती रं. तुज्यावानी दरीत नाय जात."

आणि पोचायची. हे मला नीट लिहिलं पाहिजे. ती पोचायची. कधी अर्ध्या मिनिटानं, कधी दोन मिनिटांनी, पण शब्द तोडून, जुळवून, शेवटी पूर्ण म्हणायची, आणि तो म्हणून झाला की माझ्याकडे न बघता पुढच्या शब्दावर जायची. मी तेवढा वेळ थांबले की झालं.

फेब्रुवारीत कळलं, की साहेब शाळा बघायला येणार आहेत. प्रत्येक मुलाला एक परिच्छेद वाचायला देणार, सगळी वाचत असतील तर आमच्या शनिवारची पद्धत तालुक्यातल्या आणखी शाळांना सांगणार. मी वहीत पान आखलं. तेवीस नावं, पुढे रकाने. दर शनिवारी खूण करत गेले. मार्च उजाडला तेव्हा वीस नावांपुढे खूण होती. तिघांपुढे नव्हती. पहिलीतले दोन भाऊ, आणि हौसा.

हौसानं एक पत्रिका माझ्याकडून मागून घरी नेली होती. मागच्या बाजूला मी परिच्छेद लिहिला होता, तेवढ्यासाठी. पण तिला पुढची बाजूही वाचायची होती. वर छापलेलं "श्री गणेश प्रसन्न". एकाच ओळीत दोन घाट, असं पोरं म्हणायची. पत्रिका देताना मी वहीत लिहिलं : हौसा — १, परत घेणे. ती जाताना दारात थांबली.

"बाई, बा म्हनलाय, सायबापुढं वाचलं तर मढला पाचवीला घालीन."

"आणि नाही वाचलं तर?"

"नाय वाचलं तर काय, हिरडा हाये की." आणि हसली.

म्हणजे मला माहीत होतं. तुम्हाला पुढे वाटेल की बाईंना कल्पना नसेल. होती. तिच्या तोंडून ऐकली होती.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी मुद्दाम एक जादा फेरी केली. वर्ग सजवला, मुलांच्या बसण्याचा क्रम लावला, आणि एका चिठ्ठीवर तीन नावं लिहून गुरुजींपुढे ठेवली. उद्या ही तिघं घरीच राहिली तर बरं, म्हटलं.

काळे गुरुजी तिशीचे. कमी बोलणारे. चिठ्ठी त्यांनी वाचली, घडी केली आणि परत दिली. "सगळी येऊ द्या बाई. जे आहे ते आहे," एवढंच म्हणाले.

जे आहे ते आहे! मला राग आला. इतके शनिवार पहाटे चारला उठून मी येत होते, ते हे ऐकायला? गुरुजींना काय, त्यांना पगार मिळणारच — असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं. आणि चिठ्ठी घेऊन स्वतः घरोघर गेले.

दोन भावांच्या आईनं बरं म्हटलं. लहान होते, त्यांना सुट्टी मिळाली. सोमवारी ते परत आले, त्यांचं काही बिघडलं नाही. हौसाचे वडील, धोंडूभाऊ, अंगणात हिरडा वाळत घालत होते. हिरड्याचे दिवस होते, सगळ्या वाडीचेच हात कामात होते. मी म्हटलं, "भाऊ, हौसाला उद्या हिरड्याला न्या. शाळेत पाठवू नका."

ते उठून उभे राहिले. डोक्याचं फडकं काढलं.

"सायेब येनार ना उद्या? पोरगी लई वाचत बसती हो. कंदील मागती."

"उद्या नको," मी म्हटलं. "तिचं अजून झालेलं नाही."

तिचं अजून झालेलं नाही. या वाक्याचा त्यांनी काय अर्थ घ्यावा असं मला वाटलं होतं? ज्या माणसानं लेकीचं पुढचं सगळं एका दिवसावर ठेवलं होतं, आणि त्या दिवसाचा न्याय करायला शहाणी म्हणून ज्या बाईवर विश्वास टाकला होता, तिनंच दारात येऊन निकाल सांगितला. ते बरं म्हणाले. मला चहा दिला. मी प्यायले.

इथवर सांगणं त्या मानानं सोपं होतं. अशी चिठ्ठी मी एकटीनंच केली असेल असं नाही, तुमच्याही पाहण्यात असेल. साहेब येणार म्हटलं की कच्चं पोर घरी ठेवायचं. यापुढचं मात्र मी एकटीनं केलं.

शनिवारी साहेब वेळेवर आले. माणूस चांगला होता. मुलांशी गमतीनं बोलला. एक एक मूल उभं राहून वाचत होतं, मी वहीत खुणा करत होते. पंधरावं का सोळावं मूल वाचत असताना दारातला उजेड कमी झाला. मी बघितलं. हौसा उभी होती.

काखेत टोपली. अंगात शाळेचा गणवेश, धुतलेला, वेणीला लाल रिबीन. हातात ती पत्रिका. हिरड्याला म्हणून घरातून निघाली असणार आणि वाट बदलून इकडे आली असणार. उंबऱ्याच्या बाहेर थांबली होती. मी बोलावीन म्हणून बघत होती — माझ्याकडेच, दुसऱ्या कुणाकडे नाही.

साहेबांचंही लक्ष गेलं. "ही कोण? आत का नाही येत?"

गुरुजींनी तोंड उघडलं होतं. मी आधी बोलले.

"ती आपल्या शाळेतली नाही, साहेब. वाडीतली आहे. हिरड्याला चाललीय."

शांतपणे म्हटलं. हसून म्हटलं. माझ्या आवाजात काही कापरं आलं असेल का, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. नव्हतं आलं. वर्गातल्या वीस मुलांपैकी एकानंही, घाटाची थट्टा करणाऱ्यांनीसुद्धा, हूं की चूं केलं नाही. दोन पालक खाली बघत होते. गुरुजींनी तोंड मिटलं.

हौसा रडली नाही. आधी तिला समजलंच नसावं. मग समजलं. ती मागे सरली, आणि दारातला उजेड पुन्हा आत आला. साहेब म्हणाले, "हां, पुढचा कोण?"

किती वेळ लागला असता तिला? दोन मिनिटं? तीन? साहेबांना घाई नव्हती. मला होती.

शाळा सुटल्यावर पायरीवर ती पत्रिका दिसली. उडू नये म्हणून वर दगड ठेवला होता. मी उचलली, झटकली, पिशवीत ठेवली आणि मोजणी केली. चाळीस. "परत घेणे" पुढे खूण केली. साहित्य पूर्ण जमा. खरोखर तसं लिहिलंय, त्याच पानावर, तळाशी.

साहेबांनी शाळेच्या भेट-वहीत शेरा लिहिला, की सर्व मुले वाचतात. ते गेल्यावर गुरुजी कुलूप लावता लावता म्हणाले, "बाई, पटावर नाव आहे तिचं." एवढं एकच वाक्य. पुढे दोन वर्षं आम्ही एकत्र काम केलं, पण त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी काढावा आणि मी भांडावं, असं मला कितीदा तरी वाटलं.

हौसा नंतर शाळेत आली नाही. एप्रिलमध्ये गुरुजी तिच्या घरी जाऊन आले. जूनमध्ये मीही गेले. होय, गेले, हेही लिहिते, पण त्याचं श्रेय नको. ती घरात होती, बाहेर आली नाही. धोंडूभाऊ रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमीच म्हनला न्या, म्हून नेली. आता कशाला वो वढाताण? नसल डोक्यात, तर नसल."

त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. तिच्या डोक्यात आहे, माझ्या डोक्यात नव्हतं. किंवा नुसतं, मी खोटं बोलले. वाडीला कळलं असतं, गुरुजींना, मग आमच्या बायकांना. मी म्हटलं, "बरं, येते." आणि पाऊण तास चालून मढला आले.

पुढे आमची पद्धत आणखी शाळांत गेली. मी इतरांना शिकवायला जाऊ लागले. एकही मूल मागे ठेवायचं नाही, हे वाक्य मी किती सभांमध्ये बोलले असेन, त्याचा हिशेब मात्र ठेवलेला नाही. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. हौसा नारायणगावकडे द्राक्षाच्या बागांत कामाला जाते, असं मधे कुणाकडून तरी कळलं.

आठ वर्षांनी जुन्नरच्या स्टँडवर ती मला दिसली. बाजारचा दिवस होता, गर्दी होती. कडेवर मूल, हातात पिशवी. गाडी समोर लागलेली. वर पाटी, मोठ्या अक्षरात. ती माझ्याजवळ आली आणि विचारलं, "बाई, ही मढची का?"

दोन अक्षरं. काना नाही, मात्रा नाही.

ती विसरली होती का? की मला ओळखून, मुद्दाम मलाच विचारत होती? तिच्या तोंडावरून काही कळलं नाही, आणि मी नीट बघितलंही नाही. "हो," मी म्हटलं. ती चढली. मूल खिडकीतून माझ्याकडे बघत राहिलं. गाडी गेली. मी पिशवीतून वही काढली आणि बाजाराची यादी वाचू लागले.

ती पत्रिका अजून माझ्याकडे आहे. कडेला हिरड्याचा काळपट डाग आहे, आणि "प्रसन्न"च्या खाली पेन्सिलीची एक बारीक रेघ, शब्द जिथे तोडायचा तिथे. जागा बरोबर धरली होती तिनं.

काल नवी वही घातली. राहिलेली कामं पहिल्या पानावर उतरवली : टाकीचा वॉल्व्ह बदलणे, धाकट्याचा दाखला आणणे, पिठाच्या गिरणीचा पट्टा. सगळ्यात वर, दरवर्षी असते तशी, अठ्ठ्याण्णवच्या वहीतून चालत आलेली ओळ.

हौसा — वाचून घेणे.